अ‍ॅग्नेसमावशी आणि माझे तीन विषय

अ‍ॅग्नेसमावशी कुणाच्याही घरी गेली की लगेच बेल वाजवत नसे. आधी दाराबाहेर काढलेल्या चपला एकेक उचलून उलट्या करून बघे. सगळे तळ बघून झाले की मग बेल. दार उघडेपर्यंत तिचं निदान तयार असे. "मिस्टरांचा उजवा गुडघा दुखतो काय?" असं ती उंबऱ्याबाहेरूनच विचारायची आणि आई थक्क होऊन म्हणायची, "हो ना सिस्टर, कालपासून."

निदान चुकायचंही. एकदा आमच्याकडे आलेल्या पाहुण्याला तिने त्याच्या बुटांवरून पाठीचा मणका सरकल्याचं सांगितलं. बूट त्याने मेव्हण्याचे घालून आणले होते. मावशी अजिबात डगमगली नाही. "मग मेव्हण्याला पाठवा," म्हणाली. "विषय खलास."

हे तिचं पालुपद. 'विषय' तिने वसईहून आणला होता, 'खलास' तिला दोह्यातल्या अरबांकडून मिळालं होतं. दोह्यातल्या अल मुंतझा वस्तीत आमच्या समोरच्याच दारात ती राहायची. हॉस्पिटलात बायकांच्या वॉर्डात सिस्टर होती. लग्न केलेलं नव्हतं. ते का, हे विचारायची कुणाची हिंमत नव्हती, कारण उत्तर काय येणार ते ठाऊक होतं.

आता मी कॉलेजात आहे. आमच्या घरातून कॉलेजात पोचलेली मी पहिलीच, आणि अजूनही वर्गात बोलायला उठण्याआधी मी वाक्य वहीत लिहून घेते. पण इथवर कशी आले हे सांगायचं तर मावशीबद्दलच सांगावं लागेल.

बाबा दोह्यापासून लांब, दुखानला तेल कंपनीत फिटर होते. गुरुवारी संध्याकाळी घरी येत, शनिवारी पहाटे परत जात. कंपनी फी भरायची म्हणून मी इंग्रजांच्या शाळेत जात होते. ओ लेवल, म्हणजे तिथली दहावी, पास झाले तेव्हा बाबांनी आमच्या आख्ख्या बिल्डिंगला पेढे वाटले आणि आता सगळं झालं असं समजून झोपले. मग शाळेने सांगितलं की ए लेवलसाठी, म्हणजे त्यापुढच्या परीक्षेसाठी, तीन विषय निवड, आणि पुढे काय व्हायचंय ते ठरवून निवड.

पुढे काय व्हायचंय ते मला माहीत नव्हतं. आमच्या घरात कुणी काही 'होत' नसे. लोक कामाला लागत.

शाळेतल्या बाई म्हणाल्या, जे एन्जॉय करतेस ते घे. मी हे घरी सांगितलं. बाबा म्हणाले, "एन्जॉय शुक्रवारी करायचं असतं. शाळेत त्याचं काय काम?" त्यांच्या मते जगात दोनच गोष्टी होता येत होत्या, डॉक्टर आणि इंजिनियर. तिसरी कुठली असती तर ती त्यांना दुखानमध्ये दिसली असती.

मी मावशीकडे गेले. तिने माझी चप्पल मागितली, ती खिडकीपाशी उजेडात धरली आणि बोटाने तिच्या कडा चाचपल्या.

"डॉक्टरची टाच बाहेरून झिजते. मास्तरणीची आतून. तुझी ही बघ, सगळीकडून सारखी. तू कुठेच झुकलेली नाहीस गो बाय."

"मग काय करू?"

"थांबायचं."

पण थांबायला वेळ नव्हता. येत्या शनिवारी नावं दिली नाहीत तर जागा दुसऱ्या कुणाला जाणार होती. मी रोज एक विषय घेऊन मावशीकडे जायचे आणि मावशी रोज तो मोडीत काढायची. बायॉलॉजी म्हटलं तर, "बेडूक कापावे लागतात. तुला अजून कोळंबी सोलता येत नाही." फिजिक्स म्हटलं तर, "फिजिक्सवाल्या बाईला जन्मभर घरातले फ्यूज बांधावे लागतात, नवरा पेपर वाचतो." गणित चांगलं असलेल्या माणसाशी कुणी मैत्री करत नाही, असं तिचं मत होतं. मी भूगोल म्हटल्यावर मात्र ती "नको," एवढंच म्हणाली, आणि चहा ठेवायला उठली.

शुक्रवारी जेवण तिच्याकडे असायचं. गरम फुगे, म्हणजे तिच्या वसईकडचे तळलेले गोल पाव, मटण, आणि माझ्या आईसाठी वेगळी वांग्याची भाजी. बाबा त्या दिवशी ठरवूनच आले होते.

"सिस्टर, तुम्ही स्वतः हॉस्पिटलात. पोरगी डॉक्टर झाली तर तुम्हाला आनंदच व्हायला पाहिजे."

"तिला रक्त बघवत नाही."

"बघवतं मला," मी म्हणाले.

"तू गप. फुगा घे."

"बरं, मग इंजिनियर," बाबा म्हणाले.

"हेल्मेट घालून केस जातात. तुमचे बघा."

आईने हसू लपवायला पाण्याचा तांब्या उचलला. बाबांनी डोक्यावरून हात फिरवला. पण मग त्यांचा आवाज चढला. "उद्या शनिवार आहे, सिस्टर. तुम्ही रोज एक विषय कापताय. उद्या तिने काय कोऱ्या तोंडाने जायचं?"

मावशी रिकाम्या ताटल्या गोळा करून आत गेली. मी रिकाम्या वाट्या घेऊन तिच्या मागे गेले. ती नळ सोडून नुसतीच उभी होती.

"बिल्डिंगमधल्या नीताने सायन्स घेतलं," ती नळाकडे बघत म्हणाली. "जूनमध्ये गेली पुण्याला. विल्सनने कॉमर्स घेतलं, तो मुंबईला. दर शुक्रवारी इथेच असायची ती पोरं, भांडायची फुग्यांवरून. आता सुट्टीत आली की दारातूनच 'हॅलो आंटी'. विषय निवडले की बॅगा निघतात. एवढं मला कळतं."

मला समजायला थोडा वेळ लागला. आमच्या बिल्डिंगमधली बाकीची सगळी मुलं भारतीय शाळेतली. दहावी झाली, साईड निवडली, की पुढच्या शिक्षणाला गावी. निवडणं आणि जाणं हे मावशीने कायम एकाच महिन्यात पाहिलं होतं.

"मावशी, ए लेवल इथेच असते."

"इथे म्हणजे?"

"दोह्यात. माझ्याच शाळेत. तीच बस."

"किती दिवस?"

"दोन वर्षं."

तिने नळ बंद केला. पदराला हात पुसत दारापर्यंत गेली आणि बाहेर बघून म्हणाली, "अहो मिस्टर, घेऊ द्या तिला बायॉलॉजी. काय एवढं त्यात. बेडूक मेलेलाच असतो."

बाबांचा घास हातातच राहिला.

"केमिस्ट्रीपण घेऊ द्या."

"आणि भूगोल," मी तिच्या मागून म्हणाले.

"भूगोलाचं काय करणार?" बाबांनी विचारलं.

"माहीत नाही. पण घेते."

बाबांनी मावशीकडे बघितलं. मावशीने मान डोलावली. "विषय खलास," बाबाच म्हणाले, आणि घास तोंडात टाकला.

आम्ही दोघी परत आत आलो. मावशी ताटल्या विसळून देत होती, मी पुसत होते. मधेच ती थांबली.

"बाय, त्या लेवलमध्ये नापास झालं तर काय करतात?"

"परत बसावं लागतं. आणखी एक वर्ष."

"इथेच?"

"इथेच."

मावशीने एकच ताटली दोनदा विसळली. मग ती माझ्या हातात दिली.

"नको," ती म्हणाली. "अभ्यास कर."