राणी कायले रुसली?

देवाजींनी सागवानाची राणी कोरली, त्यांचे चिरंजीव सोमाजी यांनी तिला दोऱ्यांवर नाचवले, आणि सोमाजींचे चिरंजीव विनोद यांनी तिला फडक्यात गुंडाळून पेटीत ठेवले. विनोदरावांची कन्या हर्षा हिने ती पेटी उघडली, तेथून या हकिकतीस आरंभ होतो.

पेटी बंद होण्यास कारणही तसेच घडले होते. बेचाळीस वर्षांपूर्वी दिवाळीनंतरच्या मंडईत, म्हणजे गावजत्रेत, घरटी पायलीभर नवे धान घेऊन, सोमाजींनी बाहुल्यांचा खेळ लावला. राजाने विचारले, "राणी, तू कायले रुसली?" आणि राणी बोललीच नाही. तिला आवाज देणाऱ्या धुरपताबाई, म्हणजे सोमाजींच्या पत्नी, कनातीमागे एकाएकी मुक्या झाल्या. का, ते त्यांनी नवऱ्यालाही कधी सांगितले नाही. पूर्ण खेळाचे धान घरात आले आणि खेळ मात्र अर्धा राहिला.

त्या दिवसापासून हे घराणे गावात 'अर्धेवाले' झाले. सोमाजींचे चुलत थोरले बंधू यादोराव यांनी तर वसुलीचे व्रतच घेतले. त्यांच्या ओसरीवर अर्धेवाल्यांना चहा मिळे तो अर्धा कप. "बाकीचा, खेळ पुरा झाल्यावर," असे ते मिशीत हसून सांगत. विनोदरावांच्या लग्नात त्यांनी नवरदेवाच्या पानात पापडदेखील मोडून वाढला होता.

हे नाव पुसायचे, असे हर्षाने ठरवले. नागपुरात अ‍ॅनिमेशन शिकून आल्यावर तिने त्या लाकडी राणीची चहूबाजूंनी छायाचित्रे काढली आणि तिला लॅपटॉपमध्ये जिवंत केले. आता दोरी नको होती. कॅमेऱ्यासमोर बसलेल्या माणसाने भुवई उचलली, की पडद्यावरची राणी त्याच क्षणी भुवई उचलत असे.

"आजी, तुम्ही फक्त समोर बसून बोला. बाकी मशीन पाहीन."

"मशीनले सांगून ठेव, माह्या तोंडाकडं असं टकमक पाहू नोको."

"पण राणीचं उत्तर तरी सांगा. तालीम करू."

"राणीचं उत्तर राणीच देईन," धुरपताबाईंनी विषय संपवला.

यंदाच्या मंडईत तलावाच्या बांधाखाली भाड्याचा एलईडी पडदा उभा राहिला. चार वाजता खेळ सुरू झाला. कनातीमागे एका लॅपटॉपपुढे राजा झालेले विनोदराव, दुसऱ्यापुढे धुरपताबाई, बाजूला हर्षा. राणीने नाक मुरडले की बायामाणसे खूश होत. अखेर तो प्रश्न आला.

"राणी, तू कायले रुसली?"

गाव श्वास रोखून बसले. सर्वांत अधिक काळजी यादोरावांना. मागच्या वेळी गाडी नेमकी येथेच अडली होती, म्हणून खात्री करून घ्यावी, या सद्हेतूने त्यांनी मागून कनात उचलली आणि तंबाखू-सुपारीचा खर्रा चघळत डोके आत घातले.

"काहो, या बारीले त अटकत नाही ना?"

धुरपताबाईंचा हात आपोआप पदराकडे गेला. थोरल्या दिरापुढे, म्हणजे भासऱ्यांपुढे, तोंड दाखवायचे नाही, आणि त्यांच्याशी बोलायचे तर मुळीच नाही, हे वळण त्यांनी जन्मभर पाळले होते. पदर थेट हनुवटीपर्यंत आला. राणी एक डोळा मिटलेल्या अवस्थेत थिजली.

हर्षाच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. "आजी! तवाबी हेच आले होते?"

पदर होकारार्थी हलला. "कंदिलावर बिडी पेटवाले," आतून कुजबुज आली.

एवढ्यात मशीनने आपले काम चोख बजावले. समोरचा चेहरा गेला, तेव्हा त्याने मागे दिसणारा एकुलता एक चेहरा धरला. पडद्यावर नथ घातलेली राणी संथपणे खर्रा चघळू लागली.

"अरे, राणी खर्रा खाऊन राहिली!" मैदानात हास्याचा लोट उठला.

"काहून हासून राहिले लोकं?" यादोरावांनी विचारले, आणि पडद्यावर राणीचेही ओठ तसेच हलले.

"आबाजी, हलू नका! राणी तुमच्या तोंडात अडकली. आता बंद केलं त खेळ पुन्हा अर्धा राहीन!"

यादोरावांचे डोळे विस्फारले. राणीचेही. थुंकावे तर राणी थुंकणार, पळावे तर राणी पळणार. "पोरी, म्या काय बोलू?" ते दातांआडून पुटपुटले.

पदराआडून हर्षाला आज्ञा झाली, "त्याइले सांग, तोंड तेवढं हालवा म्हना. आवाज राणीचा आहे."

विनोदरावांनी घसा खाकरून पुन्हा विचारले, "राणी, तू कायले रुसली?"

पदरातून खणखणीत आवाज निघाला. "महाराज, माही बोलाची पाळी आली, का तुमी बरोबर मंधात येता! बेचाळीस वर्सं झाले. आता त हटा!"

शब्दामागून शब्द, यादोरावांचे ओठ हलत गेले. 'हटा'पाशी त्यांची मान आपसूक खाली गेली, आणि पडद्यावर राणीने अशा काही अदबीने नजर झुकवली, की अख्खे मैदान टाळ्या वाजवत उभे राहिले. "पुरा झाला! खेळ पुरा झाला!"

गर्दी ओसरल्यावर हर्षाने हळूच विचारले, "आजी, जुन्या खेळात हेच उत्तर होतं?"

"नाही वो. तवा राणी नथीसाठी रुसली होती. पन एवढा टाइम भेटला, त सुधरवून ठेवलं."

दुसऱ्या दिवशी सकाळी यादोराव स्वतः दारी आले. नजर गल्लीकडे ठेवून त्यांनी एक भलीमोठी किटली हर्षापुढे धरली. "आजीले सांग, बाकी राहिलेले सारे अर्धे कप आणले. मोजून घे म्हना."

"त्याइले सांग, बसा म्हना," आतून आवाज आला, हर्षासाठी जरा जास्तच मोठा.

धुरपताबाईंनी दोन कप काठोकाठ भरले आणि एक ओसरीवर पाठवला. पदर त्या दिवशी कपाळापर्यंतच होता.