निळा दोरा

श्रम आणि प्रेम यांनी सुधारणार नाही असा माणूस अजून जन्माला आलेला नाही. श्रम कोणी करायचे आणि प्रेम कोणी, एवढ्याच तपशिलावर जाणकारांचे एकमत व्हायचे आहे. श्रीमंत घरच्या निरुद्योगी तरुणांची पाहणी केली असता दहातले नऊ दुपारी उठतात असे आढळले. दहावा पाहणीच्या वेळी झोपलेला होता.

आमच्या गल्लीतल्या कारखानदारांचे एकुलते चिरंजीव म्हणजे हा दहावा. स्वभावाने गोड. त्याने कधी कोणाचे वाईट केले नाही (त्यासाठीही उठावे लागते). पाण्याचा पेला उशाशी असला तरी तो कोणी हातात देईपर्यंत तहान रोखून धरण्याची विलक्षण ताकद त्याच्यात होती. शेवटी वडिलांनी हात टेकले. तेव्हा आत्याने सुचवले की याला कामाला लावा, आणि कामाच्या जागी एखादी चांगली मुलगी असेल तर फारच उत्तम.

कारखानदारांच्याच इमारतीत तळमजल्यावर एक लाँड्री होती. आपल्या वडिलांच्या मागे एक मुलगी ती एकटीच चालवत होती. सगळे तिला इस्त्रीवाली म्हणत. कारखानदारांनी तिच्यापुढे प्रस्ताव ठेवला: पोराला माणसात आणलेस तर दुकान तुझ्या नावावर करून देतो, नाहीतर मला इथे गाड्या लावायला जागा हवीच आहे. दोन पर्याय दिलेले असल्यामुळे हा व्यवहार पूर्णपणे ऐच्छिक होता.

लाँड्रीची एक शिस्त होती. ज्याने इस्त्री केली त्याने कॉलरच्या आत आपल्या रंगाच्या दोऱ्याचा टाका घालायचा, म्हणजे कपडा बिघडला तर कोणाचा कान धरायचा ते कळते. तिचा दोरा लाल. चिरंजीवांनी बराच विचार करून निळा निवडला, आणि त्या श्रमाने ते दोन दिवस आले नाहीत.

पुढे त्यांनी जो काही उजेड पाडला, तो ती रोज पहाटे येऊन निस्तरू लागली. त्यांच्या वाट्याचे कपडे स्वतः करायची आणि प्रत्येकात निळा टाका घालायची. अकराच्या सुमारास ते येत, निळ्या दोऱ्यांचा ढीग पाहत, आणि काल आपण एवढे केले याचे त्यांनाच नवल वाटे. कामाची गोडी लागते म्हणतात ती अशी. हळूहळू ते दहाला येऊ लागले. कपड्यांवर पाणी शिंपडायचे काम तर त्यांना खरोखरच जमू लागले. शिंपडता शिंपडता तिच्यावर जीव जडला. तिलाही ते आवडू लागले, हे सांगायला हवे. दिवसभर तिचे बोलणे ऐकणारे कोणी नव्हते, ते ऐकत. ऐकायला काही करावे लागत नाही.

वर्ष संपताना कारखानदार आत्याला घेऊन परीक्षेला आले. निळे दोरे पाहून त्यांना गहिवरून आले. तरी खात्री असावी म्हणून त्यांनी आपला समारंभाचा रेशमी सदरा पुढे केला आणि समोर इस्त्री करायला सांगितली. चिरंजीवांनी पाणी अप्रतिम शिंपडले. मग पाठीवर इस्त्री ठेवली आणि प्रेमाने इस्त्रीवालीकडे पाहिले. ते बराच वेळ पाहत राहिले. वास आधी इतरांना आला.

सदऱ्याच्या पाठीवर इस्त्रीच्या आकाराचा तपकिरी डाग उठला होता. इस्त्रीवालीला दुकानाच्या जागी गाड्या दिसू लागल्या. तिने मुकाट्याने सुईत लाल दोरा ओवला आणि कॉलरच्या आत टाका घातला.

"माझ्या हातून जळला," ती म्हणाली. "मीच इस्त्री जास्त तापवून ठेवली होती."

सगळ्यांनी डोळ्यांनी पाहिले होते. आता सगळे चिरंजीवांकडे पाहू लागले. ते एक शब्द बोलतील, अशी तिला फार आशा होती. ते बोलले.

"पुढच्या वेळी लक्ष ठेव."

तिला रडू आले, पण ते तिने गिळले. कारखानदारांचे डोळे मात्र उघडपणे भरून आले. चांगले झाले ते आपले आणि बिघडले ते हाताखालच्याचे, हे शिकण्यात त्यांची स्वतःची निम्मी हयात गेली होती.

"पोरगा तयार झाला," ते आत्याला म्हणाले. "उद्यापासून कारखान्यात बसेल."

"आणि दुकान?" इस्त्रीवालीने विचारले.

कारखानदार शब्दाचे पक्के. दुकान तिच्या नावावर झाले, आणि थोड्याच दिवसांत लग्न होऊन ती त्यांच्या घरची झाली, त्यामुळे दुकानही घरातच राहिले. एवढे होऊन होकार कसा दिलास, असे आत्याने तिला एकदा हळूच विचारले. "पाणी छान शिंपडतात," ती म्हणाली.

चिरंजीव आता श्रमाच्या महतीवर व्याख्याने देतात. त्यांचा सदरा नेहमी कडक इस्त्रीचा असतो, आणि कॉलरच्या आतला निळा टाका ते श्रोत्यांना आवर्जून दाखवतात.

वाचणाऱ्यांना त्यांचा राग आला असेल आणि तिचा कळवळा. हे सुसंस्कृतपणाचेच लक्षण आहे. आता आपल्या अंगातल्या कपड्याची कॉलर जरा उलटून पाहा. दोरा तुमचाच निघेल, याबद्दल मला शंका नाही. इस्त्री कोणी केली ते मात्र आतल्या खोलीत जाऊन विचारावे लागेल, आणि त्यासाठी उठायला हवे.