रेगेकाकांची समिती

रेगेकाकांच्या दाराची बेल वाजवून काही उपयोग नसतो. ती त्यांना ऐकू येते. ते दाराच्या आतच उभे असतात. पण आतून आपलं नाव पुकारलं जाईपर्यंत चप्पल काढायची नाही, असा नियम आहे.

"कदम सुमन-कुन!"

मग मी म्हणायचं, "हजर." मग दार उघडतं. बाहेर पाऊस असो, हातात गरम डबा असो.

ग्योतोकुतल्या ज्या इंडियन रेस्टॉरंटात माझा नवरा तंदूरवर आहे, तिथून रोज साडेदहाला मी काकांना डबा पोचवते. 'कुन' इथं जपानात शाळकरी पोरांच्या नावाला लावतात. नवरा हसून हसून बेजार झाला. काकांना सांगितलं तर म्हणाले, "इथल्या संसदेत अध्यक्ष मंत्र्यालासुद्धा कुन म्हणतो. नाव पुकारल्याशिवाय पंतप्रधानही तोंड उघडू शकत नाही. तुम्ही कोण लागून गेलात?"

मी कोण लागून जाणार! आठवीत माझी शाळा सुटली. त्यानंतर माझं पूर्ण नाव पुकारणारे दोघंच, एक व्हिसाचं ऑफिस आणि एक रेगेकाका. ऑफिसानं पुकारलं की मी आधी पासपोर्ट चाचपते.

काकांचे उपकार मी विसरणार नाही. इथं आल्यावर पहिल्याच महिन्यात माझ्या कचऱ्याच्या पिशवीवर लाल चिठ्ठी लागली. मला वाटलं, झालं, आता परत पाठवतात. रडत काकांकडे गेले. त्यांनी चिठ्ठी वाचली, पिशवी उघडायला लावली, आतून चुकीच्या कचऱ्यात गेलेली तेलाची बाटली काढली आणि म्हणाले, "आरोपी सापडला. तुम्ही निर्दोष." तेव्हापासून नगरपालिकेचं प्रत्येक पत्र मी न फोडता त्यांच्याकडे नेते. ते वाचतात आणि शेवटी विचारतात, "कुणाचा आक्षेप?"

हे त्यांचं पालुपद. आमटी चाखली की "कुणाचा आक्षेप?" खिडकी लावली की "कुणाचा आक्षेप?" आणि विचारून गप्प बसतात. चांगलं अर्धं मिनिट. मी सोडून खोलीत कुणी नसतं, पण काका माझ्याकडे बघत नाहीत. ते आसनांकडे बघतात.

त्या आसनांचं सांगायला हवं. काकू वारल्या, मुलगा त्सुकुबाला असतो, म्हणजे घरात माणूस एकच. पण बैठकीत निळी चौकोनी आसनं सात. दोन रांगांत, तोंडं लॅपटॉपकडे. प्रत्येकापुढे सातूच्या चहाचा पेला. लॅपटॉपवर संसदेच्या कुठल्याशा समितीचं कामकाज चालू असायचं. मला जपानी येतं ते भाजीबाजारापुरतं, त्यामुळे काळ्या कोटातली माणसं वाकून नमस्कार करतात एवढंच मला कळायचं.

एकदा मी जरा लवकर गेले. आतून नावं पुकारल्याचा आवाज येत होता. माझं नाव नव्हतं. मराठी नव्हतं, जपानीही नव्हतं. एक नाव, मग शांतता. दुसरं नाव, मग शांतता. सात झाली. मग काकांचा आवाज आला, "बसा." आणि मी दारापासून एक पाऊल मागं सरले, कारण 'बसा' ते अगदी अदबीनं म्हणाले होते, समोर माणसं उभी असल्यासारखं.

त्या दिवशी पेले उचलताना माझा हात एका आसनाला लागला. ते गरम होतं.

नवऱ्याला सांगितलं तर म्हणाला, "म्हातारा एकटा राहतो, डोकं फिरलं असेल. डबा दारात ठेव आणि ये." पण दारात डबा ठेवायला माझं मन होईना. ज्या माणसानं माझी पिशवी उघडून मला निर्दोष ठरवलं, त्याच्या दारातून पळून कसं यायचं? दुसऱ्या दिवशी मी धीर करून विचारलं, "काका, ही आसनं गरम का असतात?"

"मी बसतो म्हणून," काका म्हणाले. "सकाळी एकेकावर पाच-पाच मिनिटं. थंड जागेवर पाहुण्याला बसवू नये."

"पाहुणे कोण?"

काकांनी लॅपटॉपचा आवाज बंद केला. मग सांगितलं.

तोयोसुतल्या एका कंपनीत ते तांब्याच्या खरेदीवर होते. समुद्रापलीकडे एका डोंगरात कंपनीची खाण. खाणीचा गाळ अडवायला वरच्या अंगाला बंधारा, खालच्या अंगाला गाव. बंधारा वाढवण्याआधी गावकऱ्यांची सभा घ्यावी लागते. सभेला अध्यक्ष रेगेकाका. बोलू इच्छिणाऱ्यांची यादी त्यांच्या हातात, सात नावं. त्यातली एक बाई दाराजवळ बसली होती, तिनं पहिल्यापासून हात वर धरला होता. बाहेर साहेबांची गाडी हॉर्न देत होती. विमान चुकलं असतं.

"मी एकही नाव पुकारलं नाही. म्हटलं, वेळ संपली. आणि वहीत लिहिलं, कुणाचा आक्षेप नाही."

पुढच्या पावसात बंधारा फुटला. गाळ गावातून गेला.

"ती सात माणसं?"

"माहीत नाही. जिवंत असतील तर तिकडे मला शिव्या देत असतील. नसतील, तर..." काकांनी आसनांकडे हात केला. "नावं पुकारायची माझ्याकडूनच राहिली ना."

मग त्यांनी मला लॅपटॉपवरचं भांडण समजावलं. इथल्या कंपन्यांनी परदेशात खाणी खणताना माणसांचं वाटोळं केलं, तर त्या माणसांना इथल्या कोर्टात येता यावं, असा कायदा मांडला होता. मंत्री म्हणत होते, तिकडे तिकडची कोर्टं आहेत. एक खासदारबाई म्हणत होत्या, "तिथलं तांबं बोटीत बसून इथं येतं, मग गाऱ्हाणं का येऊ नये?" काकांनी समितीला पत्र लिहिलं होतं: मला बोलवा, मी तिथं होतो, मी सांगतो. उत्तर आलं होतं, विचार करू. म्हणून काका रोज ऐकत होते. आपलं नाव कधी पुकारतात, याची वाट बघत होते.

अधिवेशनाच्या शेवटच्या दिवशी मी गेले, तर माझं नाव पुकारलंच नाही. दार नुसतं लोटलेलं होतं. काका कोट-टाय घालून लॅपटॉपसमोर खुर्चीत बसले होते, मांडीवर घडी केलेला कागद. आठ वाजल्यापासून तसेच होते. आसनांवर बसायलाही उठले नव्हते. बोलावणं आलंच तर फोन वाजेल, टॅक्सीनं अर्ध्या तासात पोचू, असा त्यांचा हिशोब.

पडद्यावरचे अध्यक्ष दोन वाक्यं बोलले. माणसं वाकली, उठली, कागद गोळा करून निघाली. मग पडदा निळा झाला.

"काय म्हणाले?"

"वेळ संपली," काका म्हणाले. "कायदा राहूनच गेला."

त्यांनी कागद खिशात घालायला घेतला. खिसा सापडेना. मला सुचलं ते मी केलं. डबा खाली ठेवला, लॅपटॉपच्या बाजूला जाऊन उभी राहिले आणि आमच्या शाळेतल्या बाई हजेरी घ्यायच्या तशा आवाजात म्हटलं, "रेगे मधुसूदन-कुन!"

काका माझ्याकडे बघत राहिले. मग उठले, कोटाचं बटण लावलं.

"हजर."

ते लॅपटॉपकडे पाठ करून आसनांकडे वळले. कागद उघडलाच नाही. "मी त्या दिवशी लिहिलं, आक्षेप नाही," ते म्हणाले. "ते खोटं होतं. सात जणांचा होता. मला दिसत होता." मग नेहमीप्रमाणे विचारलं, "कुणाचा आक्षेप?" आणि आम्ही दोघं थांबलो. अर्ध्या मिनिटानंतरही काका थांबूनच होते.

"जेवून घ्या, काका," मी शेवटी म्हटलं.

ते जेवायला बसले. मी आसनं उचलायला लागले. सहा गार होती, फरशीसारखी. सातवं, दाराजवळचं, गरम होतं. त्या बाजूला ऊन येत नाही.

माझ्या तोंडून आपसूक निघून गेलं, "काका, हे..."

काकांनी घास हातातच धरून माझ्याकडे पाहिलं. काय ते त्यांना कळलं होतं.

"ते राहू द्या तिथंच," ते हळूच म्हणाले. "आणि चहा जरा ताजा ओता."