सायबाच्या चाकाचं साल

गुपित ठेवावं तर आमच्या वाडीत मीच, यमुनाबाईने. माझ्या पोटात गेलेली गोष्ट म्हणजे खडकात अडकलेला नांगर. दोरी तुटेल, पण नांगर वर येणार नाही. शाळेत मी फार दिवस टिकले नाही, मास्तरांनाच माझी भीती वाटायची. पण लोणचं आणि खोटं या दोन गोष्टी माझ्या हातून कधी नासल्या नाहीत. निदान एकसष्ट सालापर्यंत तरी नाही.

त्या साली आमच्या शेवंतीची सोयरीक रेडीच्या काशीबाईच्या झिलाशी, म्हणजे मुलाशी, ठरत आली होती. झील गुरुदास. रेडी बंदरावर खनिज भरतात तिथे मुकादम. वय पंचवीस, असं काशीबाई म्हणाली. शेवंतीचं एकोणीस, असं मी म्हणाले. म्हणताना पापणीसुद्धा लवली नाही.

खरं वय होतं सव्वीस. तुम्ही तोंडाला पदर लावाल, पण आधी ऐका. माझा सासरा वर्षानुवर्षं अंथरुणाला खिळून होता. त्याचं जेवणखाण, उठबस सगळं या पोरीने केलं, आणि तिच्या लग्नाचं वय त्या खाटेपाशी सरलं. मग दोन स्थळं आली ती वय ऐकून अपशकुन झाल्यासारखी परत गेली. तिसरं मी जाऊ देणार नव्हते. सात वर्षं गिळायची होती ना, मग गिळली.

तर त्या दिवशी काशीबाई शेवटचं पक्कं करायला आलेली. ओटीवर बसून घावणे आणि नारळाचा रस चाललेला. आमचे हे कोपऱ्यात जाळं शिवत होते. मी आमच्या मोठ्या झिलाचं, बाबलीचं कौतुक सांगत होते, की अठ्ठावीस वर्षांचा आहे पण होडीवर म्हाताऱ्यांनाही हार जात नाही. एवढ्यात एक विजार घातलेला गृहस्थ पुढच्या अंगणात, खळ्यात उभा.

"मी कॉस्मे. मूळ बांद्याचा, नोकरीला मुंबईत. बाय, तुमच्याकडे सायबाचं गरवायचं चाक आहे म्हणून ऐकलं."

होतं आमच्याकडे. सुट्टीला येणारा एक गोरा साहेब काठीला गरी, म्हणजे गळ, बांधून खडकावर मासे गरवायचा. काठीला पितळेचं चाक, त्यावर दोरी गुंडाळलेली. चाक फिरवलं की कर्र कर्र वाजायचं. आमच्या ह्यांनी त्या साहेबाला एकदा बुडता बुडता वर ओढला, म्हणून त्याने एक चाक यांना दिलं.

"तुमका कित्याक व्हया ता?" मी विचारलं.

"मी जुनी चाकं जमवतो. मुंबईत आम्ही चार-पाच वेडे आहोत."

"मासो सोडून चाक? नारळ टाकून करवंटी खातास की काय?"

पण आतून मी फुगले. काशीबाईसमोर घराण्याची थोरवी सांगायची अशी संधी परत कुठली यायला! मी चाक आणलं आणि नैवेद्याच्या वाटीसारखं त्याच्या हातात ठेवलं.

"नवा कोरा होता," मी सांगितलं. "सायबान खोक्यातसून काढून दिल्यान. आमच्या शेवंतीच्या बारशाक! पाळण्याक बांधलेला. ह्याचो आवाज आयकल्याशिवाय चेडू झोपा नाय."

आता हे समजून घ्या. आमच्या घरात साल कोणी लिहून ठेवत नाही. एक गोष्ट दुसरीच्या गळ्यात बांधून ठेवायची. मागचा फणस बाबलीच्या जन्माचा, विहीर सासू गेली त्या वर्षाची, आणि चाक शेवंतीच्या बारशाचं. इतकी वर्षं हा हिशेब कधी चुकला नव्हता. तोच तर घात झाला.

कॉस्मेने खिशातून भिंग काढलं. चाकाची मूठ बघितली, स्क्रू बघितले, पाठीवर आमच्या चिंचेने घासून घासून पुसट झालेली खूण बघितली. डॉक्टर नाडी बघतो तसा चेहरा. मी काशीबाईकडे बघून मान ताठ केली.

"किती जुना म्हणतास?" मी विचारलं. मला वाटलं, जेवढं जुनं तेवढं घराणं मोठं.

"बाय, हे अगदी नक्की सांगता येतं. ही खूण कंपनीने एकाच वर्षी मारली, पुढच्या वर्षी बदलली. हे चाक सन पस्तीसचं."

काशीबाईचा घावणा तोंडापाशी थांबला. बाई बाजारात मासे विकणारी. हिशेब तिच्या बोटांवर नाही, जिभेवर असतो.

"पस्तीस," ती म्हणाली. "नि बारशाक नवा कोरा. मगे चेडू एकुणीसचा कसा?"

माझ्या पोटातला नांगर हलला.

"नवा म्हणजे तसा नवा नाय," मी म्हणाले. "सायबान वापरलेला होता. कितीतरी वरसां."

"नाही नाही," कॉस्मे मध्येच. बिचाऱ्याला वाटलं, मी चाकाची किंमत कमी करते आहे. "बाय, तुम्ही बरोबर सांगितलंत. आतले दाते बघा, जराही झिजलेले नाहीत. साहेबाने हे वापरलेलंच नाही."

माझ्या हाताशी एखादी फाटकी वहाण असती तर मी हाणली असती.

"होय होय, माका आता आठावला," मी म्हणाले. "बारशाक न्हय. आमच्या लग्नाक दिल्यान! लग्नातला चाक, मागसून पाळण्याक बांधला."

मी श्वास सोडला. लग्न पस्तीसला, शेवंती नंतर. किती सरळ! पण काशीबाई बोटाला लागलेला रस चाटत माझ्याकडे बघत होती.

"लग्न पस्तीसात?"

"पस्तीसात."

"नि बाबलीक अठ्ठावीस झाली. मगाशी तुमीच सांगलास." तिने शांतपणे हात पुसले. "म्हणजे झील आधी आणि वरात मागसून?"

जाळ्याची सुई ओटीवर पडली. आमचे हे उभे राहिले. ह्यांचं तोंड वर्षातून दोनदा उघडतं, एकदा नारळी पुनवेला आणि एकदा माझ्यावर.

"यमुने, गप रव. आणखी एकदा तोंड उघडलंस तर मी तुझो घोव नाय, असा ठरतला."

"तसा न्हय, बाबली तसो अठ्ठावीस दिसता, पण..." मी सुरुवात केली. पण काय? बाबलीला लहान करावं तर त्याची दोन पोरं शाळेत. लग्न मागे न्यावं तर चाक मागे जात नाही. चाक मागे न्यावं तर हा मेला भिंग घेऊन बसलेला. माझ्या डोक्यात सगळी वर्षं गुंतली, वादळानंतर जाळी गुंततात तशी.

"मग मी साल नक्की कुठलं धरू?" कॉस्मेने विचारलं. तोही घामाघूम झाला होता.

तेवढ्यात शेवंती स्वयंपाकघरातून बाहेर आली. हाताला पीठ, डोळ्यांत पाणी नाही.

"पस्तीसच धरा," ती म्हणाली. "आये, पुरे झाला. काशीमावशी, माका सव्वीस पुरी झाली. आवशीन माझ्यासाठी खोटा सांगल्यान. तुमका नको असात तर आताच सांगा, पण माझ्या भावाच्या जल्मावर बोला नको."

काशीबाई उठली. शेवंतीकडे बघून थोडी घोटाळली, पण उठलीच.

"चेडू खरा आसा," ती म्हणाली. "पण खोटा बोलणाऱ्या घरात आमी सोयरीक करूची नाय. आमच्या घरात लबाडी चलणा नाय."

ती पायऱ्या उतरली आणि वहाणेत एक पाय घातला. पोरीचं लग्न माझ्या डोळ्यांदेखत खळ्यातून चाललं होतं.

कॉस्मेला काय करावं कळेना. जाता जाता चांगलं बोलावं म्हणून तो मला म्हणाला, "बाय, वाईट वाटून घेऊ नका. चाक मात्र फार छान. या किनाऱ्यावर याहून जुनं कोणाकडे नसेल."

काशीबाईचा दुसरा पाय वहाणेच्या वरच थांबला.

"नसात? आमच्या रेडीक येवा! आमच्या घरात सायबाचा चाक आसा. ह्याच्यापेक्षा मोठा."

"खरंच? कसं आहे?"

"काळी मूठ. नि ह्या कसा कर्र कर्र बोंबलता, तसा आमचा बोंबलणा नाय. मुका आसा, खानदानी."

कॉस्मेचे डोळे दिव्यासारखे उजळले. "काळी मूठ? आवाज नाही? मग ते तेहतीसच्या आधीचं. नक्की!"

"असतलाच!" काशीबाई माझ्याकडे बघून म्हणाली. "सायबान नवा कोरा दिल्यान तेवा आमचो गुरुदास शाळेत जाय होतो. चाक घेवन शाळेत गेलो म्हणान मास्तरान त्याका..."

ती थांबली. पण शब्द काय, गळाला लागलेला मासा नव्हे, परत पाण्यात सोडायला.

माझं डोकं लख्ख झालं. बोटं मोजायची गरजच पडली नाही.

"काशीबाय," मी म्हणाले, "माझो झील लग्नाच्या आधी जल्माक इलो, ह्या मी मान्य करतंय. पण तुमचो पंचवीस वरसांचो गुरुदास जल्माच्या आधीच शाळेत गेलो?"

आमचे हे खाली बसले आणि जाळ्यात तोंड लपवून हसायला लागले. काशीबाईने वहाण काढली. हळूहळू पायऱ्या चढून होती त्या जागी येऊन बसली.

"घावणे गरम आसत?" तिने विचारलं.

"आसत," शेवंती म्हणाली आणि आत गेली.

"पस्तीस झाली हो त्याका," काशीबाई खालच्या आवाजात म्हणाली. "पाच भयणींची लग्ना केल्यान, मगे स्वतःचा. चेडवा बघूक गेलाव की वय आयकान उठतत. काय करतलंय?"

तिची गोष्टही माझ्यासारखीच. सोयरीक तिथेच पक्की झाली. कॉस्मे दुसऱ्या दिवशी रेडीला गेला आणि ते मुकं चाक बघून म्हणे नाचला.

लोक अजून विचारतात, यमुनाबाय, तुका त्याचा वय कसा कळाक नाय? गुरुदास बघायला आला तेव्हा काळी टोपी घालून बसला होता. जेवतानासुद्धा काढली नाही. मी म्हटलं, वा, काय संस्कार! बाजारात कल्ला उचकून बघितल्याशिवाय मी बांगडासुद्धा घेत नाही, आणि जावई मात्र टोपीसकट घेतला.