अत्तार मामांची संदर्भसेवा

“रिचार्ज मारलायस का?”

कॉलेजच्या ग्रंथालयात पाऊल टाकल्यावर मला विचारला गेलेला हा पहिला प्रश्न. भिंतीवर ‘शांतता राखा’ची पाटी, आणि पाटीखाली बसलेला माणूस पार रंकाळा तलावापर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात माझ्या मोबाइलची चौकशी करतोय. मी इतकी दचकले की रिचार्ज मारलाय की नाही हेच आठवेना.

हे अत्तार मामा. ग्रंथालयातले शिपाई. पद शिपायाचं, पण रुबाब कुलगुरूंचा.

मी बिद्रीजवळच्या खेड्यातली, बी.ए.च्या पहिल्या वर्षाला कोल्हापुरात आलेली. बारावीपर्यंत माझा सगळा पिंड गाईडांवर पोसलेला. आणि इतिहासाच्या सरांनी पहिल्याच महिन्यात प्रकल्प अंगावर टाकला, ‘आपल्या भागातली गुऱ्हाळं का कमी झाली?’ तीन पुस्तकांचे संदर्भ हवेत, नेटवरचं एक वाक्य सापडलं तरी शून्य. शून्य म्हणजे पहिल्याच सत्रात नापास. घरातून कॉलेजला आलेली मी पहिली मुलगी. “तरी आम्ही म्हणत होतो” असं म्हणायला अर्धी भावकी टपून बसली होती.

“मामा, गुळावरचं पुस्तक पाहिजे,” मी म्हणाले.

“इषय सांगू नगंस. इषय सगळ्यांकडंच असतोय. अडलंय काय ते सांग.”

मी सांगितलं. मामा आत गेले, बऱ्याच वेळानं एक जाडजूड पुस्तक घेऊन आले. मी हात पुढे केला, तर त्यांनी ते मला दिलंच नाही. मागचा पुठ्ठा उघडून त्याला चिकटवलेल्या खिशातलं, पुस्तक नेणाऱ्यांच्या नोंदीचं कार्ड काढलं आणि त्यावरची नावं घरातल्या माणसांची असावीत तशी मायेनं वाचू लागले.

“शेवटचं कुणी नेलतं? संभा चौगुले. कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत कामाला असतोय आता. त्याच्या घरात गुऱ्हाळ हुतं. लाव फोन.”

“कुणाला?”

“संभाला की! पुस्तक एकदाच सांगतंय. वाचणाऱ्याला इचारलं तर त्यो चारदा सांगतोय.”

अनोळखी पुरुषाला फोन?  मी नको म्हणेपर्यंत मामांनी स्वतःच्या वहीतून नंबर काढला, माझ्याच मोबाइलवरून लावला आणि स्पीकर चालू केला. वाचनकक्षातली सगळी डोकी वर झाली.

पलीकडे मशीनचा खडखडाट. “कोण बोलतंय?”

“मी अत्तार मामा, कॉलेजातनं.”

“मामा, आईशप्पथ, ते पुस्तक मी परत दिलंय!”

“दिलंयस रं, हातात हाय माझ्या. ह्या पोरीला सांग, तुमचं गुऱ्हाळ का बंद पडलं.”

संभा चौगुले बोलू लागला. “ऊस हुता, काहील हुती, जळण हुतं, पण गुळव्या मिळंना. पाक कवा उतरवायचा ते त्यालाच कळायचं. त्यो म्हातारा झाला, त्याच्या पोरानं एमआयडीसी धरली. मग मी बी धरली. पुस्तकवाला म्हंतोय नुसता भाव पडला म्हणून. एकशेबारा पान बघा, मी तितं पेन्सिलीनं फुली मारलीया.”

“फुली तू मारलीस व्हय!” मामा कडाडले. मी खुर्चीत उडाले.

माझं काम झालं, तरी फोन परत मिळाला नाही. मामा तो घेऊन खिडकीशी गेले. “आईचा गुडघा कसा हाय? जेवलास का?” दहा मिनिटं हेच. माझा फोन, माझी बॅटरी! असला आगाऊ माणूस मी जन्मात पाहिला नव्हता.

पुढच्या दोन आठवड्यांत त्याच कार्डावरच्या आणखी दोघांना फोन झाले. एक शाळामास्तर, एक जोतिबावर दुकान चालवणाऱ्या ताई. दोघांचंही पहिलं वाक्य “पुस्तक दिलंय हो!” आणि दोन्ही वेळा काम संपल्यावर फोन खिडकीशी. ते जाडजूड पुस्तक मला मिळालं, पण आणखी पुस्तकं मागितली की मामा म्हणायचे, “आधी फोन.” माझी वही मात्र भरली.

ती वही घेऊन मी सरांकडे गेले. सर खूश झाले आणि लगेच म्हणाले, “माणसं छान मिळवलीस. पुस्तकं? एकच? उरलेली दोन उद्या दुपारपर्यंत, नाहीतर शून्य.”

मी धावत ग्रंथालयात आले. मामा चहाला गेले होते. संगणकावर ग्रंथपाल बाई होत्या. त्यांनी ‘गूळ’ टाइप केलं आणि सहज सांगितलं, “पाच आहेत. एक तुझ्याकडे. बाकीची चार अत्तारांच्या कपाटात दिसतायत.”

मी कपाट उघडलं. चार पुस्तकं एकावर एक. वर मामांच्या अक्षरातली चिठ्ठी, ‘गुळाची पोरगी’. म्हणजे पहिल्याच दिवशी माझ्यासाठी काढलेली, आणि दोन आठवडे माझ्यापासूनच लपवलेली! 

मामा दारात दिसले आणि मी पाटीबिटी सगळं विसरले. “मामा, मी नापास हुतीया! ही पुस्तकं का न्हाय दिली मला?”

मामांनी ग्लास टेबलावर ठेवला. पहिल्यांदाच त्यांचा आवाज मला खाली आलेला ऐकू आला.

“दिली असती तर तू गप वाचून गेली असतीस. मग संभाला फोन कशाला लागला असता?”

“मग तुमचा तुम्ही करायचा की!”

“केलता. पोरं इचारत्यात, मामा, काय काम हुतं? काम काय न्हाय म्हटलं की गप हुत्यात. मग मीच ठेवतो.” त्यांनी पुस्तकं माझ्यापुढं सरकवली. “चुकलं माझं. पानं काढून ठेवल्यात. बस, हुतंय.”

खरंच, प्रत्येक पुस्तकात नेमक्या पानांवर कागदाचे कपटे होते. माझा राग कुठे गेला कळलं नाही.  ग्रंथालय बंद होईपर्यंत मी लिहीत बसले.

प्रकल्प वेळेत गेला. मी पास झाले. पुस्तकं परत करून झाल्यावर, परीक्षा संपल्यावर, सुट्टी लागायच्या दिवशी मी पुन्हा ग्रंथालयात गेले.

“आता काय अडलंय?” मामा तिथूनच ओरडले.

“काय न्हाय मामा. काम काय न्हाय. अशीच आलीया.”

  मामांनी खांद्यावरच्या फडक्यानं शेजारचं स्टूल पुसलं, एकदा पुसलं, परत पुसलं, आणि हळूच विचारलं, “जेवलीस का?”