साठ ठोक्यांची अट

अग्निशमन दलाच्या वार्षिक वैद्यकीय तपासणीत गुरुवारी सकाळी दहा वाजून वीस मिनिटांनी एका जवानाचे हृदय कामचुकारपणा करताना आढळले. विश्रांतीच्या अवस्थेत हृदयाने मिनिटाला किमान साठ आणि कमाल शंभर ठोके द्यावेत, असा नियम आहे. या हृदयाने सेहेचाळीस दिले.

हृदयाचा मालक सहा मजली शिडी खारीसारखी अशी सरसर चढे की सहकारी त्याला खारोबा म्हणत. वय एक्केचाळीस, सेवा एकोणीस वर्षे, सगळी शिडीवर. चौदा महिन्यांपूर्वी मुख्यालयाने ‘हृदय व फुफ्फुस क्षमतावृद्धी कार्यक्रम’ जाहीर केला होता. रोज सकाळी सराव-मनोऱ्याचा जिना दहा वेळा चढायचा आणि दुपारी पूरक आहार म्हणून बिटाच्या रंगाची भुकटी पाण्यातून घ्यायची. केंद्रातल्या बावीस जणांनी कार्यक्रमाच्या वहीत न चुकता सह्या केल्या. जिना एकटा खारोबा चढला. सही केली म्हणजे चढावे लागते, असा त्याचा समज होता.

तपासणीची डॉक्टर नवीन होती. तिने नाडी पुन्हा मोजली, आलेखाची पट्टी खिडकीशी नेऊन पाहिली आणि खारोबाचे अभिनंदन केले. सरावाने हृदय बळकट झाले आहे, इतरांना दीड ठोका लागतो तेवढे रक्त ते एका ठोक्यात ढकलते, म्हणून त्याला घाई करावी लागत नाही, असे तिने समजावून सांगितले. मग तिने अर्ज उलटला. नाडी साठाच्या खाली असण्याची तीन कारणे तिथे छापलेली होती: हृदयविकार, औषधाचा परिणाम, मृत्यू.

“यातलं तुम्हाला कुठलं चालेल?” तिने विचारले.

“कमी त्रासाचं बघा,” खारोबा म्हणाला.

डॉक्टर प्रामाणिक असल्याने तिने जागा कोरी सोडली. कारण न लिहिल्यास पहिले कारण लागू होते, हे तळाशी बारीक अक्षरात होते. फुफ्फुसांची चाचणीही बिघडली. खारोबाने फुंकर मारताच यंत्राचा काटा शेवटच्या आकड्यापलीकडे जाऊन अडकला, तेव्हा अर्जात ‘मापन झाले नाही’ आणि भांडाराच्या नोंदीत ‘सरकारी वस्तूचे नुकसान’ असे लिहिले गेले.

दुपारी केंद्राच्या साहेबांनी खारोबाला बोलावून पुढचा हिशेब ऐकवला. हृदयविकाराचा माणूस शिडीवर चालत नाही. आठ दिवसांत फेरतपासणी. त्यातही नाडी साठ भरली नाही, तर मुख्यालय ठरवील ते, आणि मुख्यालय बहुधा आवक-जावकचे टेबल ठरवते, निवृत्तीपर्यंत. तोवर शिडीवर भांडारपाल जाईल. भांडारपालाची नाडी शहाण्णव होती, म्हणजे नियमात चार ठोके राखून. एकवीस जणांनी न घेतलेली भुकटी मुदत संपण्याआधी संपवणे हे त्याचे कर्तव्य होते आणि ते तो एकट्याने पार पाडत होता. भुकटीत कॉफीच्या बियांचा अर्क होता. बुटाची नाडी बांधायला वाकला की त्याला धाप लागे, पण बुटाच्या नाडीचा रकाना अर्जात नव्हता.

खारोबाने प्रयत्नात कसूर केली नाही. फेरतपासणीला जाण्यापूर्वी तो मनोरा वीस वेळा धावत चढला. पण मोजण्याआधी दहा मिनिटे बसायचा नियम होता आणि त्याचे हृदय चौथ्याच मिनिटाला शांत झाले. डॉक्टरने दया येऊन दुपारची वेळ दिली. तेवढ्यात त्याने भुकटीचे पाच चमचे पोटात घातले. कान तापले. नाडी अठ्ठावन्न.

“दोनच कमी ना,” भांडारपाल धापा टाकत म्हणाला. “माझ्यातल्या घे की. मला जास्तच आहेत.”

मुख्यालयाने टेबलाऐवजी सहानुभूतीचे पत्र पाठवले. हृदय पूर्ववत व्हावे म्हणून तीन महिने सक्तीची विश्रांती मंजूर झाली. जिना, चालणे आणि वजन उचलणे वर्ज्य. खारोबा घरी बसला. बायकोने पहिल्या आठवड्यात कौतुक केले, दुसऱ्यात पाण्याची बादली दाखवली.

“अहो, एवढी तरी उचला.”

“मी ड्युटीवर आहे,” खारोबा खुर्चीतून म्हणाला.

रोज सकाळी तो मनगट धरून मोजायचा. एकावन्न, छप्पन्न, एकसष्ट. आकडा वाढला की त्याला आनंद होई आणि बायको बघते आहे असे दिसले की लाज वाटे. तिसऱ्या महिन्यात पँटचे बटण लागेना. नाडी चौऱ्याहत्तर झाली.

दवाखाना दुसऱ्या मजल्यावर होता. डॉक्टर दारात वाट पाहत होती.

“जिन्यात थांबला होतात?”

“हो. दोनदा.”

“का?”

“तेवढं अर्जात आहे का?”

अर्जात नव्हते. डॉक्टरने ‘सामान्य, कामास पात्र’ असे लिहून सही केली.

सोमवारी खारोबा पुन्हा शिडीवर गेला. मागे भांडारपाल होता. तिसऱ्या मजल्यापाशी दोघेही थांबले आणि पायऱ्यांना मिठी मारून राहिले. खारोबाने वर पाहिले. उरलेले तीन मजले त्याला पाठ होते. पाय उचलला, तो पुन्हा होता तिथेच ठेवला. खाली साहेब घड्याळ घेऊन उभे होते. त्यांनी अहवाल पाठवला: दोन्ही जवान पूर्णपणे पात्र असूनही त्यांना तिसऱ्या मजल्यापलीकडे जाता आले नाही, सबब शिडीत दोष असावा.

मुख्यालयाने शिडी तपासली. ती गरजेपेक्षा तीन मजले लांब निघाली. वरचा भाग कापून भांडारात जमा झाला आणि शहरभर सूचना गेली: आग लागल्यास चौथ्या व त्यावरील मजल्यांच्या रहिवाशांनी जिन्याने तिसऱ्या मजल्यापर्यंत यावे, तेथून दल त्यांची सुटका करील.

सूचना तुमच्याही इमारतीच्या जिन्यात लावली आहे. महिना झाला. तुम्ही ती अजून वाचलेली नाही, कारण तुम्ही लिफ्टने जाता.