अण्णा वकिलांची समोरची खुर्ची

भोरचे अण्णा वकील रोज सकाळी स्वतःशी भांडतात आणि बहुतेक वेळा हरतात.

त्यांच्या ऑफिसात टेबलामागची खुर्ची आपल्या बाजूची, समोरची विरुद्ध बाजूची आणि कोपऱ्यातलं स्टूल न्यायाधीशाचं. पक्षकारानं बसायचं खिडकीच्या कट्ट्यावर. ज्युनिअर पुण्याला निघून गेला तेव्हापासून तिन्ही ठिकाणी अण्णाच. एका खुर्चीतून मुद्दा मांडतात, दुसरीत जाऊन तो खोडतात, "हरकत आहे!" म्हणत परत येतात आणि धापा टाकत स्टुलावर बसून ती हरकत फेटाळतात. संध्याकाळी मधलं दार उघडून मागच्या खोलीत जातात. घर तेच. तिथंही एकटेच.

खरेदीखतापासून खुनापर्यंत सगळं घेतात. "आमचं किराणा दुकान. जिरं मिळेल, झाडूही मिळेल." तारीख मात्र मागत नाहीत. "तारीख मागणारा वकील आणि उद्या या म्हणणारा शिंपी, दोघांनीही कापड अजून बेतलेलं नसतं."

मी त्यांच्याकडे गेलो तो सख्ख्या थोरल्या भावावर दावा लावायला. हे लिहितानाही मान खाली जाते. पासलीला, आमच्या गावी, आमची भाताची खाचरं एकाला एक लागून आहेत. दादा पॉवर टिलर माझ्या बांधावरून नेतो आणि बांध फुटतो. मला ती वाट बंद करून हवी होती. अण्णांनी खोदून खोदून विचारलं. मी सगळं सांगत गेलो, नको तेही.

मग कोट खुंटीला अडकवून ते समोरच्या खुर्चीत बसले आणि दादा झाले.

"बांध म्या फोडला, व्हय. पर परत घातला कुणी? ह्याचा पाय मोडला तवा ह्याची भाताची आवणी कुणी उरकली? आन् आता वाट बंद! मग म्या काय हेलिकाप्टरनं उतरू खाचरात?"

मला हसू आलं, पण आवणी खरंच दादानं उरकली होती. अण्णा स्टुलावर गेले. "वादीला काही सांगायचंय?"

मी कट्ट्यावरून उठलो आणि चपला शोधू लागलो.

"आपण हरलो," अण्णा आनंदानं म्हणाले. "जा, दादाला घेऊन या."

मला धीर होईना. शेवटी दादानंच विचारलं, "लई दिस बगतोय, तोंड का लपवतोस?" मी सांगून टाकलं. त्यानं बांधावरचं एक सुटं ढेकूळ पायानं दाबून बसवलं. मग म्हणाला, "चल, त्या वकिलाला बगू तरी."

बाजारच्या दिवशी आम्ही भोरला गेलो. दादा आत शिरला तो थेट समोरच्या खुर्चीत बसला. मी त्याला उठवणार, तोच अण्णा म्हणाले, "असू द्या. बसा, बसा."

दादानं बांधाला दगडी कड घालायची, मी वाट द्यायची, असं ठरलं. अण्णांना एकदाही उठावं लागलं नाही. चहा मात्र त्यांनी स्वतः केला, दोनदा.

"माझी बाजू तुमी लई झ्याक मांडली म्हणं," दादा म्हणाला. "पुढच्या खेपंला ह्याला सोडा, मलाच धरा."

अण्णा पोट धरून हसले. आम्ही निघालो तसे मात्र घाईनं भिंतीवरच्या कॅलेंडरकडे वळले.

"पुढच्या बाजाराला या. दोघंही."

"पण अण्णा, आता काम काय राहिलं?"

दादा उठला होता ती खुर्ची ते सरळ करू लागले. ती सरळच होती.

"काम नाही हो," अण्णा म्हणाले. "तारीख घ्या."